द्राक्षाच्या पेटीमागची तक्रार सेवा : एका युरोपीय विक्री साखळीच्या व्यवस्थेचे परीक्षण

दिंडोरी आणि निफाड तालुक्यांतील द्राक्ष निर्यातीच्या पॅकहाऊसमध्ये, म्हणजे माल निवडून पेट्या भरण्याच्या ठिकाणी, गेल्या काही हंगामांपासून एक नवा कागद भिंतीवर दिसू लागला आहे. हात धुण्याच्या सूचना, दागिने घालून आत येऊ नये ही सूचना आणि रुग्णवाहिकेचा क्रमांक यांच्या शेजारी तो लावलेला असतो आणि त्यावर क्यूआर कोड व एक दूरध्वनी क्रमांक छापलेला असतो. कामाच्या ठिकाणी आपल्या हक्कांवर गदा आली असेल किंवा पर्यावरणाची हानी होताना दिसली असेल, तर माल विकत घेणाऱ्या युरोपीय कंपनीला थेट कळवावे, तक्रारदाराचे नाव गुप्त ठेवले जाईल, असा त्यातील मजकुराचा आशय आहे. जर्मनीतील एका मोठ्या किरकोळ विक्री साखळीची ही तक्रार सेवा मी मागील हंगामात सुरगाणा तालुक्यातील मजुरांच्या एका टोळीच्या वतीने वापरली. मी नाशिकमध्ये वकिली करते आणि शेतमजुरांच्या मजुरीची व अपघातांची प्रकरणे पाहते. साखळीचे, निर्यातदाराचे आणि बागेचे नाव येथे देत नाही, कारण प्रकरणाचा एक भाग अद्याप निकाली निघालेला नाही आणि नावावरून तक्रारदारांची ओळख पटणे अवघड नाही.

ही सेवा म्हणजे कंपनीने मनाच्या मोठेपणाने दिलेली सवलत नव्हे, हे प्रथम स्पष्ट केले पाहिजे. जर्मनीचा पुरवठा साखळीविषयक कायदा १ जानेवारी २०२३ पासून लागू झाला, सुरुवातीला किमान ३,००० आणि २०२४ पासून किमान १,००० कर्मचारी असलेल्या कंपन्यांना. या कायद्याच्या आठव्या कलमानुसार कंपनीने तक्रारीची व्यवस्था उभारणे बंधनकारक आहे. तक्रार मिळाल्याची पोच द्यावी लागते, तक्रारदाराशी बोलून वस्तुस्थिती समजून घ्यावी लागते, कार्यपद्धतीचे नियम लेखी स्वरूपात सर्वांसाठी खुले ठेवावे लागतात, तक्रार हाताळणारी व्यक्ती निःपक्षपाती व कोणाच्या हुकमाखाली नसलेली असावी लागते आणि तक्रार केली म्हणून कोणाला त्रास होणार नाही याची परिणामकारक तजवीज करावी लागते. ही व्यवस्था खरोखर चालते की नाही, हे वर्षातून किमान एकदा तपासण्याचेही बंधन आहे. पुढचे नववे कलम आपल्या दृष्टीने अधिक महत्त्वाचे आहे. कंपनीने ज्याच्याशी करार केला त्या निर्यातदाराकडील तक्रारी आठव्या कलमामुळेच घ्याव्या लागतात, आणि त्या निर्यातदाराला माल देणाऱ्या बागेत राबणाऱ्या मजुराच्या तक्रारी या नवव्या कलमामुळे. पिंपळगावच्या एखाद्या बागेतील स्त्रीला जर्मनीतील कंपनीच्या दारात कायद्याने उभे राहता येते, ही गोष्ट आपल्या जिल्ह्यात फार थोड्या लोकांना ठाऊक आहे.

आता ज्या कारणासाठी सेवा वापरली, ते सांगते. ऑक्टोबरच्या गोडी छाटणीनंतर काडीवरील डोळे एकसारखे फुटावेत म्हणून हायड्रोजन सायनामाइडची पेस्ट लावली जाते. आपल्या हवामानात वेलीला पुरेशी थंडीची विश्रांती मिळत नसल्याने या रसायनावाचून डोळे मागेपुढे फुटतात आणि पुढे घडांची वाढ सारखी होत नाही, म्हणून बागायतदार ते टाळू शकत नाही. स्पंज किंवा कापडाचा बोळा द्रावणात बुडवून एकेक डोळा ओला करण्याचे हे काम हातानेच होते. हे द्रावण कातडी आणि डोळ्यांना जाळणारे असते आणि शरीरात गेल्यावर, विशेषतः त्या काळात मद्य घेतल्यास, चेहरा लाल होणे, धडधड, उलट्या, श्वास कोंडणे अशी गंभीर लक्षणे उद्भवतात. युरोपीय संघाने २००८ मध्ये या रसायनाला आपल्या मंजूर यादीत स्थान नाकारले. म्हणजे जे रसायन स्वतःकडच्या शेतमजुराच्या हाताला लागू नये असे युरोपने ठरवले, त्याच रसायनाच्या आधाराने फुटलेली द्राक्षे युरोपच्या फळीवर विकली जातात. पेस्ट लागते उघड्या काडीला, काढणी होते त्यानंतर साधारण चार महिन्यांनी. मण्यात त्याचा मागमूस राहत नाही, त्यामुळे उर्वरित अंशाच्या तपासणीत माल निर्दोष ठरतो. मजुराच्या हातावर जे राहते, ते कोणत्याही प्रयोगशाळेच्या अहवालात येत नाही.

आमच्या टोळीतील स्त्रियांच्या बोटांची कातडी सोलवटली होती. हातमोजे मिळाले नव्हते, डब्यावरील सूचना कोणी वाचून दाखवल्या नव्हत्या, बागेत हात धुण्यासाठी वेगळे पाणी ठेवलेले नव्हते. ज्यांना काम सोडून दवाखान्यात जावे लागले, त्यांचे खाडे उचलीतून कापून घेण्यात आले. तक्रारीत आम्ही या दोन्ही बाबी स्वतंत्रपणे मांडल्या, कारण शारीरिक इजा आणि मजुरी अडवणे हे दोन्ही प्रकार जर्मन कायद्याच्या दुसऱ्या कलमातील संरक्षित हक्कांत येतात. आपल्याकडील कायदेशीर मार्ग आम्ही सोडलेले नाहीत, ते प्रकरण वेगळे चालू आहे. येथे परीक्षण फक्त त्या कागदावरील सेवेचे आहे.

सेवेपर्यंत पोहोचण्याविषयी. कागद पॅकहाऊसमध्ये आहे, आणि इजा झाली बागेत. या दोन जागांमध्ये काही किलोमीटरांचे अंतर आहे आणि पेस्ट लावणारी टोळी पॅकहाऊसच्या फाटकातून आत कधीच जात नाही. पॅकहाऊसमध्ये पेट्या भरणाऱ्या मुलींना हा कागद माहीत होता, त्यांच्यापैकी एकीकडूनच आमच्यापर्यंत बातमी आली. पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वर येथून येणारे मजूर गिरणारेच्या मजूर बाजारात उभे राहतात, तेथून पिकअपमध्ये बसून बागेत जातात, काही टोळ्या महिना-दीड महिना बागेतल्याच शेडमध्ये राहतात. त्यांच्या वाटेवर हा कागद कुठेही लागत नाही. व्यवस्था सुलभ असली पाहिजे ही अट संयुक्त राष्ट्रांच्या २०११ च्या व्यवसाय व मानवाधिकारविषयक मार्गदर्शक तत्त्वांतही आहे. त्यातील एकतिसाव्या तत्त्वात अशा तक्रार व्यवस्थेसाठी ज्या कसोट्या सांगितल्या आहेत, त्यांपैकी ही अगदी प्राथमिक आहे, आणि या कसोटीवर ही सेवा बागेच्या बांधावर संपते.

एकदा कोड उघडल्यावर मात्र सेवेचा दर्जा माझ्या अपेक्षेपेक्षा चांगला निघाला, हे प्रामाणिकपणे नोंदवते. मराठीचा पर्याय आहे. त्यातील मजकूर यंत्राने भाषांतरित केलेला असावा इतका ताठर आहे आणि तक्रारीचा प्रकार निवडण्याच्या यादीत शेतमजुराच्या अनुभवाशी जुळणारे शब्द कमीच आहेत, पण आवाज ध्वनिमुद्रित करून पाठवण्याची सोय असल्याने लिहिता न येणाऱ्या व्यक्तीलाही तक्रार करता येते. छायाचित्रे जोडता येतात. नाव द्यावे लागत नाही. शेवटी एक क्रमांक आणि सांकेतिक शब्द मिळतो, तो वापरून नंतर उत्तर पाहता येते व पुढील माहिती देता येते. पोच लगेच मिळाली. काही आठवड्यांत जर्मनीहून संपर्क झाला आणि मुलाखतीची वेळ ठरली.

मुलाखत दूरध्वनीवर झाली. विचारणारी व्यक्ती तयारीनिशी आली होती. कोणते रसायन, काडीला किती दिवस लावले, डबा कोणी उघडला, पाणी कुठून आणले, असे नेमके प्रश्न तिने विचारले आणि उत्तर तोडले नाही. दुभाषी शहरी मराठी बोलणारा होता. टोळीतील स्त्रिया घरी कोकणी बोलतात, म्हणजे सुरगाण्याकडची कोकणी, आणि सुरुवातीला त्या गप्पच होत्या. टोळीतल्या एका शिकलेल्या मुलीने मध्ये बसून दोन्ही बाजू सांगायला सुरुवात केल्यावर त्या मोकळ्या झाल्या. दुभाषी नेमताना मजूर कोणत्या तालुक्यातून येतात एवढे आधी विचारले असते तर पहिला वेळ वाया गेला नसता. तरीही आपले म्हणणे समुद्रापलीकडचे कोणी शांतपणे ऐकून घेत आहे, लिहून घेत आहे, या अनुभवाचे मोल मी कमी लेखणार नाही. ज्या कार्यालयांत आम्ही नेहमी जातो, तेथे मजूर स्त्रीला इतका वेळ कोणी देत नाही.

परिणाम काय झाला? निर्यातदाराला लेखी सूचना गेल्या. त्याच्याशी जोडलेल्या बागांमध्ये हातमोजे, एप्रन, डोळ्यांवरचे चष्मे आणि साबण-पाणी ठेवणे सक्तीचे झाले. पेस्ट लावण्यापूर्वी मराठीत माहिती सांगितली जाते आणि त्याची नोंद ठेवली जाते. दवाखान्याचा खर्च परत मिळाला. या गोष्टी खऱ्या आहेत, मी स्वतः जाऊन पाहिल्या आहेत. खाड्यांपोटी कापलेल्या उचलीच्या बाबतीत मात्र उत्तर असे आले की हा विषय मुकादम आणि मजूर यांच्यातील असून निर्यातदाराने त्यात मध्यस्थी करावी अशी विनंती करण्यात आली आहे. पैसे अजून पूर्ण मिळालेले नाहीत. इजेचा प्रश्न साहित्य पुरवून सुटतो, मजुरीचा प्रश्न सोडवायचा तर खरेदीच्या दरापर्यंत जावे लागते, आणि तेथे या सेवेचा आवाज एकदम खाली येतो.

सर्वांत गंभीर उणीव गोपनीयतेची आहे. कंपनीने आमची नावे कोणाला सांगितली नाहीत, याबद्दल माझी खात्री आहे. परंतु चौकशी करताना निर्यातदाराला बागेचा क्रमांक आणि कामाच्या तारखा कळवल्या गेल्या, निर्यातदाराने बागायतदाराला त्या दिवसांची हजेरी मागितली, आणि त्या दिवसांत त्या बागेत एकच टोळी कामाला होती. मुकादमाला सगळे उलगडायला वेळ लागला नाही. पुढच्या छाटणीला त्या टोळीला त्या परिसरात काम मिळाले नाही. नाव लपवणे आणि माणसाला वाचवणे या वेगळ्या गोष्टी आहेत. लहान गावात, एकाच बागेत, एकाच टोळीच्या बाबतीत नाव न सांगून काहीही लपत नाही. तेथे संरक्षण द्यायचे असेल तर एका निर्यातदाराच्या सर्व बागांची एकत्र पाहणी करणे, तारखा न सांगता संपूर्ण हंगामाच्या नोंदी मागवणे आणि तक्रारदारांना पुढील हंगामात काम मिळते की नाही याचा पाठपुरावा करणे आवश्यक आहे. कायद्यात परिणामकारक संरक्षण असा शब्द आहे. आम्ही याविषयी दुसरी तक्रार नोंदवली असून ती प्रलंबित आहे, आणि म्हणूनच सेवेच्या या भागाला मी उत्तीर्ण ठरवू शकत नाही.

बागायतदारांच्या बाजूनेही थोडे सांगितले पाहिजे, कारण या सेवेबद्दल त्यांच्या मनात मोठी धास्ती आहे. तक्रार झाली की आपला प्लॉट यादीतून कापला जाईल, माल स्थानिक बाजारात मातीमोल जाईल, अशी त्यांची समजूत आहे आणि काही निर्यातदार ती जोपासतात. जर्मन कायद्याची भूमिका याच्या उलट आहे. पुरवठादाराशी संबंध तोडणे हा शेवटचा उपाय आहे, आधी सुधारणेचा आराखडा आणि मुदत द्यावी लागते, हे सातव्या कलमात आहे. सहाव्या कलमात कंपनीच्या स्वतःच्या खरेदी पद्धतीही तपासायला सांगितल्या आहेत. हातमोजे, चष्मे, प्रशिक्षण, नोंदवह्या या सगळ्याचा खर्च आज बागायतदाराच्या माथी येतो आणि पेटीचा दर मात्र त्या प्रमाणात वाढत नाही. दिंडोरीतील दोन-चार एकरांचा शेतकरी कर्ज काढून बाग उभी करतो, अवकाळी पावसात मणी तडकले की त्याचे वर्ष जाते. त्याला खलनायक ठरवून जर्मनीतील साखळीने हात झटकावेत, असा या कायद्याचा हेतू नाही. आमच्या प्रकरणात दराविषयी आम्ही विचारलेल्या प्रश्नाला मिळालेले उत्तर सर्वसाधारण धोरणाच्या परिच्छेदापलीकडे गेले नाही.

हे होऊ शकत नाही, इतके खोल जाणे व्यवहार्य नाही, असे कोणी म्हणेल तर त्याला नाशिकच्याच इतिहासाकडे बोट दाखवता येते. २०१० मध्ये सीसीसी या नावाने ओळखल्या जाणाऱ्या क्लोरमेक्वाट क्लोराइड या वाढनियंत्रकाचे अंश आढळले म्हणून आपली द्राक्षे युरोपात नाकारली गेली आणि जिल्ह्यातील शेकडो कुटुंबांचे अर्थकारण कोलमडले. त्यानंतर तपासणीच्या यादीपासून औषधांच्या नोंदीपर्यंत सारी साखळी घट्ट करण्यात आली. अपेडा या केंद्र सरकारच्या कृषी निर्यात प्राधिकरणाची ग्रेपनेट ही माग काढण्याची व्यवस्था २००६ पासून होतीच. आज युरोपातील दुकानातल्या पेटीवरील क्रमांकावरून ती द्राक्षे कोणत्या गावच्या कोणत्या प्लॉटमधली, त्यावर कोणत्या तारखेला कोणती फवारणी झाली, नमुना कोणत्या प्रयोगशाळेत गेला, हे सांगता येते. ग्राहकाच्या पोटाचा प्रश्न आला तेव्हा सात समुद्रांपलीकडून वेलीच्या मुळापर्यंत पोहोचणारा माग तयार झाला. त्याच प्लॉटच्या नोंदीत त्या दिवशी पेस्ट कोणी लावली, हातात मोजे होते का, मजुरी कोणाच्या हातात पडली, हे तीन रकाने वाढवायला तंत्रज्ञानाची अडचण नाही. खरेदीदाराने ते मागितले पाहिजेत. औषधाचा अंश सापडला की माल परत जातो, मजुराचा हात भाजला की अर्ज भरावा लागतो, हा फरक मला या संपूर्ण प्रकरणात सर्वांत जास्त सलतो.

कंपनीचे उत्तर समाधानकारक नसेल तर पुढे काय? येथे जर्मन सेवेचे खरे बळ दिसते. तक्रारदार व्यक्ती बाफा या संक्षिप्त नावाने ओळखल्या जाणाऱ्या जर्मन संघराज्याच्या अर्थव्यवहार व निर्यात नियंत्रण कार्यालयाकडे अर्ज करू शकते. आपल्या संरक्षित हक्काला बाधा पोहोचली असे पीडिताने सकारण मांडले तर त्या कार्यालयाला दखल घ्यावीच लागते. दंड ८० लाख युरोपर्यंत, आणि ४० कोटी युरोंहून अधिक सरासरी वार्षिक उलाढालीच्या कंपनीला उलाढालीच्या २ टक्क्यांपर्यंत होऊ शकतो, सरकारी खरेदीतून काही काळ बाद ठरवण्याचीही तरतूद आहे. भिंतीवरच्या कागदामागे हे बळ उभे आहे, म्हणूनच त्याला उत्तर येते. पण हा दंड जर्मनीच्या तिजोरीत जातो. कायद्यातील कर्तव्य मोडल्याबद्दल पीडिताला नुकसानभरपाई मागता येणार नाही, असे तिसऱ्या कलमात स्पष्ट लिहिले आहे. सुरगाण्याच्या स्त्रीच्या हातात त्यातून काही पडत नाही.

इतर देशांतील सेवांशी तुलना केल्यास हे अधिक उमगते. नॉर्वेचा पारदर्शकता कायदा १ जुलै २०२२ पासून लागू आहे आणि त्यानुसार जगातील कोणतीही व्यक्ती त्या कायद्याखालील कंपनीला लेखी विचारू शकते की अमुक उत्पादनामागील हक्कभंगाच्या धोक्यांबाबत तुम्ही काय केले. सामान्यतः तीन आठवड्यांत उत्तर द्यावे लागते. माहितीपुरती ही उत्तम सोय आहे. फ्रान्सने २०१७ मध्ये दक्षता कर्तव्याचा कायदा केला. २४ एप्रिल २०१३ रोजी ढाक्याजवळ राणा प्लाझा ही इमारत कोसळून १,१३४ कामगार गेले, त्या घटनेचा या कायद्यामागे मोठा वाटा होता. कर्तव्य मोडल्यामुळे झालेल्या नुकसानीची भरपाई तेथील दिवाणी न्यायालयात मागण्याची वाट त्या कायद्याने मोकळी ठेवली. जर्मनीने नेमका तोच दरवाजा बंद ठेवला.

आर्थिक सहकार्य व विकास संघटनेच्या राष्ट्रीय संपर्क केंद्रांचा, म्हणजे बहुराष्ट्रीय कंपन्यांविरुद्धच्या तक्रारींत मध्यस्थी करणाऱ्या केंद्रांचा, मार्गही आहे. तेथे शुल्क लागत नाही आणि वकील असण्याची अट नाही. महाराष्ट्राला त्याचा अनुभव यवतमाळमुळे आहे. २०१७ च्या कापूस हंगामात फवारणीच्या विषबाधेने यवतमाळ जिल्ह्यात वीसहून अधिक माणसे दगावली आणि शेकडो रुग्णालयात पोहोचली. सप्टेंबर २०२० मध्ये ५१ बाधितांच्या वतीने स्वित्झर्लंडच्या केंद्राकडे सिंजेंटा कंपनीच्या पोलो या कीटकनाशकाविरुद्ध तक्रार गेली. त्यातील डायफेन्थियुरॉन हा घटक स्वित्झर्लंडमध्ये वापरण्यास मनाई आहे. कंपनीने आपली जबाबदारी नाकारली आणि मध्यस्थीतून तोडगा निघाला नाही. त्या केंद्राला कोणालाही भाग पाडण्याचा अधिकार नाही. दोन मृतांच्या पत्नींनी आणि एका बचावलेल्या शेतकऱ्याने त्याच सुमारास बाझेल येथे दिवाणी दावा केला, तो या मार्गाच्या बाहेरचा स्वतंत्र लढा आहे.

न्यायालयांचा मार्ग किती लांबचा असतो, हे भारतीय वाचकाला भोपाळने शिकवले आहे. न्यूयॉर्कच्या न्यायालयाने १९८६ मध्ये खटला भारतात चालवावा असे सांगून तो परत पाठवला आणि १९८९ मध्ये ४७ कोटी डॉलरवर समझोता झाला. त्यानंतर कायदा पुढे सरकला आहे. कच्छमधील मुंद्रा येथील वीज प्रकल्पाच्या शेजारी राहणाऱ्या मच्छीमारांनी त्या प्रकल्पाला कर्ज देणाऱ्या आंतरराष्ट्रीय वित्त महामंडळावर अमेरिकेत दावा केला, तेव्हा २७ फेब्रुवारी २०१९ रोजी तेथील सर्वोच्च न्यायालयाने महामंडळाला पूर्ण अभय नाही असा निर्णय दिला. पुढे मात्र कृत्य अमेरिकेत घडले नाही या कारणावरून दावा फेटाळला गेला. त्याच वर्षी १० एप्रिलला ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने झांबियातील चिंगोला परिसराच्या १,८२६ रहिवाशांना वेदांता कंपनीविरुद्ध लंडनमध्ये दावा चालवण्याची मुभा दिली. तांब्याच्या खाणीतून त्यांचे पाणी दूषित झाल्याचा तो आरोप होता आणि २०२१ मध्ये तो समझोत्याने मिटला. हे निर्णय मोलाचे आहेत, पण वर्षानुवर्षे चालणारा, परदेशी वकिलांच्या फौजेवर अवलंबून असलेला मार्ग पेस्टने भाजलेल्या बोटांसाठी नाही. त्या बोटांसाठी भिंतीवरचा कागदच हवा, आणि तो मजबूत हवा.

तो मजबूत होण्याऐवजी सैल होण्याची चिन्हे आहेत, ही चिंतेची बाब आहे. संपूर्ण युरोपीय संघासाठीचा दक्षता निर्देश २५ जुलै २०२४ रोजी अमलात आला. १,००० हून अधिक कर्मचारी आणि ४५ कोटी युरोंहून अधिक उलाढाल असलेल्या कंपन्या त्याच्या कक्षेत येणार होत्या आणि नुकसानभरपाईची समान तरतूदही त्यात होती. २६ फेब्रुवारी २०२५ रोजी युरोपीय आयोगाने तो सौम्य करण्याचा प्रस्ताव मांडला आणि डिसेंबर २०२५ मधील तडजोडीत ही मर्यादा ५,००० कर्मचारी व १५० कोटी युरो इतकी वर नेण्यात आली, भरपाईची समान तरतूदही गळली. जर्मन सरकारनेही सप्टेंबर २०२५ मध्ये आपल्या कायद्यातील अहवालाचे बंधन काढण्याच्या विधेयकाला मंजुरी दिली. कंपन्यांवरील कागदपत्रांचा भार हे त्यामागचे कारण सांगितले जाते. तो भार खोटा आहे असे मी म्हणणार नाही, आमच्या बागायतदारांनीही त्या प्रश्नावल्या भरल्या आहेत. पण भार कमी करायचा तर प्रश्नावल्या कमी कराव्यात, तक्रार ऐकण्याचे बंधन अधिक पक्के करावे.

म्हणून माझे मत असे. पॅकहाऊसमध्ये काम करणाऱ्या कामगारांनी ही सेवा निःशंकपणे वापरावी. तेथे माणसे बरीच असतात, तक्रार कोणाची हे सहज कळत नाही, आणि उत्तर मिळते. सुरक्षा साहित्य, स्वच्छतागृह, जादा तासांची मजुरी यांसाठी ती उपयुक्त आहे. बागेतील टोळ्यांनी ती एकट्याने वापरू नये. शक्य असेल तर दोन-तीन टोळ्यांनी एकत्र येऊन, संघटनेच्या किंवा वकिलाच्या मार्फत, आणि स्थान सांगताना एका प्लॉटऐवजी निर्यातदाराचे नाव व परिसर सांगून तक्रार करावी. चौकशीत कोणती माहिती खाली कळवली जाणार आहे, हे मुलाखतीच्या सुरुवातीलाच विचारून घ्यावे आणि आपल्या संमतीशिवाय तारखा कळवू नयेत असे नोंदवून घ्यावे. आम्ही दुसऱ्या तक्रारीत तसे केले आणि ते मान्य झाले.

पुरावा गोळा करण्याची वेळ छाटणीनंतरच्या त्याच दिवसांत असते. रसायनाच्या डब्याच्या दोन्ही बाजूंचे छायाचित्र, दवाखान्याच्या कागदावर कामाचा व रसायनाचा स्पष्ट उल्लेख, मुकादमाच्या वहीतील उचलीच्या पानाचे छायाचित्र आणि सोबत काम करणाऱ्या माणसांची गावे, एवढे असले तर तक्रार टिकते. पोच म्हणून मिळालेला क्रमांक आणि सांकेतिक शब्द टोळीतील एकाच फोनमध्ये ठेवू नये, कारण हंगाम संपला की फोन आणि माणूस दोन्ही गावाकडे जातात आणि उत्तर तिकडे कोणी उघडून पाहत नाही. तो कागदावर लिहून गावातल्या अंगणवाडीताईंकडे किंवा संघटनेच्या कार्यालयात ठेवावा, आणि दोन महिन्यांत ठोस उत्तर आले नाही तर त्याच क्रमांकाचा हवाला देऊन बाफाकडे अर्ज पाठवावा.